असीरियन आणि बॅबिलोनियन: नेमका फरक काय?

मृण्मयी_दादर

परवा रविवारी चिरंजीवांना (इयत्ता सातवी) घेऊन फोर्टात हेरिटेज वॉकला गेले होते. पेरीन नरिमन स्ट्रीटवर माणेकजी सेठ अग्यारी आहे, मूळची १७३३ सालची. तिच्या दाराशी दोन अजब जनावरं बसवलीत. अंग बैलाचं, पंख पक्ष्याचे, तोंड दाढीवाल्या माणसाचं आणि डोक्यावर मुकुट. वॉक घेणारी मुलगी म्हणाली, "हे असीरियन". आमच्यातले एक गृहस्थ लगेच, "नाही हो, बॅबिलोनियन". पाच मिनिटं रस्त्यातच जुंपली.

तिथून म्युझियमला गेलो (पूर्वीचं प्रिन्स ऑफ वेल्स), तर तिथे इराकमधल्या निमरूदहून आलेले असीरियन कोरीव दगडी पाट. चिरंजीवांनी विचारलं, आई, असीरियन आणि बॅबिलोनियन वेगळे का? मी भूक लागलेल्या आईच्या अधिकाराने "एकच रे ते" म्हणून विषय मिटवला. त्याला ते पटलेलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही. जाणकारांनी मदत करावी. विकी उघडून दिला तर तो वाचत नाही, गोष्ट सांगितली तर ऐकतो.

गुळपोळी

वाचनखूण साठवली. मला फक्त हम्मुराबी आणि झुलत्या बागा माहीत.

पाटीवाला

मृण्मयीताई, "एकच ते" हे अर्धं बरोबर आहे, तेव्हा फार वाईट वाटून घेऊ नका.

आजच्या इराकचा नकाशा घ्या. टायग्रिस आणि युफ्रेटिस वरून खाली येतात. वरचा भाग, म्हणजे मोसुलच्या आसपासचा, तो असीरिया. खालचा भाग, बगदादपासून समुद्राकडे, तो बॅबिलोनिया. वर अश्शूर, निनवे, कल्हू (हेच निमरूद) ही शहरं. खाली बाबिलोन, बोर्सिप्पा, निप्पूर, उरुक, ऊर. बाबिलोनचे अवशेष बगदादच्या दक्षिणेला हिल्ला गावाजवळ आहेत.

दोघांची भाषा एकच, अक्कडी. बोली दोन. वऱ्हाडी आणि पुणेरी म्हणा हवं तर. गुलामाला खालचे म्हणत 'वर्दुम', वरचे म्हणत 'उर्दुम'. लिपी तीच, ओल्या मातीच्या पाटीवर बोरूच्या टोकाने दाबलेली कीलाक्षरं. देवही बरेचसे तेच: इश्तार, शमाश, सिन. आणि दोघांच्याही डोक्यावर सुमेरी भाषेचं ओझं. बोलणारं कुणी उरलं नव्हतं, पण पूजा आणि पांडित्य तिच्याशिवाय होत नसे. आपल्याकडे संस्कृतचं जे स्थान, तेच.

फरक सुरू होतो तो थोरल्या देवापासून. वरच्यांचा अश्शूर, खालच्यांचा मर्दुक. अश्शूर हे गावाचं नाव, त्या गावाच्या देवाचं नाव आणि पुढे सगळ्या देशाचंही तेच. मर्दुक हा मुळात एका मध्यम गावाचा देव. गाव मोठं झालं तसा तोही मोठा झाला.

तुमच्या बैलांचं म्हणाल तर ती मुलगी बरोबर होती. दाराशी पंखवाले बैल बसवणं ही असीरियन राजवाड्यांची खासियत. नंतर इराणच्या राजांनी ती उचलली, पर्सेपोलिसला झर्क्सिसच्या दरवाजावर असेच बैल आहेत. आणि इराणची आठवण म्हणून पारशांनी ती मुंबईत आणली. बाबिलोनच्या वेशीवर बैल आहेत, पण ते साधे, चकचकीत विटांत काढलेले. त्यांच्या जोडीला मर्दुकचा तो सापाच्या तोंडाचा, पुढे सिंहाचे नि मागे गरुडाचे पाय असलेला प्राणी.

नदीकाठचा

पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं काढली, त्यामुळे मला या भांडणाच्या मुळाशी पाणी दिसतं. पाटीवाल्यांनी देव सांगितले, मी जमीन सांगतो.

असीरिया जिरायती, बॅबिलोनिया बागायती. बाकी सगळं यातून निघतं असं माझं मत (घरी या वाक्यावर हसतात).

वर पाऊस पुरेसा, निदान बऱ्या वर्षी तरी. डोंगर जवळ, त्यामुळे दगड आणि लाकूड आवाक्यात. मोसुलच्या आसपास मऊसर जिप्समचा दगड निघतो, तो चाकूसारख्या हत्याराने कोरता येतो. म्हणून राजवाड्यांच्या भिंतींवर दगडी पाट. खाली पाऊस जवळजवळ नाही आणि दगडही नाही. गाळ, बोरू आणि खजूर. सगळं कालव्यावर. म्हणून घर विटेचं, देऊळ विटेचं, मनोराही विटेचा. उन्हात वाळवलेली कच्ची वीट आत, भाजलेली बाहेरून, आणि सांध्यात डांबर.

कालव्याची शेती म्हणजे दरवर्षी गाळ काढा, चाऱ्या साफ करा, पाण्याच्या पाळ्या लावा, भांडणं मिटवा. हम्मुराबीच्या कायद्यात एक कलम आहे: बांध दुरुस्त न ठेवल्यामुळे तुझं पाणी शेजाऱ्याच्या रानात घुसलं, तर त्याच्या धान्याची भरपाई तू द्यायची. मी नोकरीत असताना हा अर्ज दर हंगामात टेबलावर यायचा. फक्त मातीच्या पाटीवर नसायचा.

आणि पाणी जास्त झालं, निचरा नसला, की जमीन क्षारपड होते. सांगली-कोल्हापूरकडच्या मंडळींना सांगायला नको, पांढरं मीठ फुटलेली चिबड रानं त्यांनी पाहिली आहेत. दक्षिणेत गव्हापेक्षा जव जास्त, कारण जव मीठ सोसतं.

खडूस_काकू

पाणी झालं, देव झाले. आता राजे येतील आणि नंतर दोनशे प्रतिसाद कोण जास्त क्रूर यावर. त्याआधी मी माझं घोडं (गाढव म्हणू) दामटते.

असीरियन म्हटलं की सगळ्यांना सैन्य आठवतं. पण पहिली हजारभर वर्षं हे लोक मुख्यतः व्यापारी. इ.स.पू. १९०० च्या आसपास अश्शूर गावचे लोक गाढवांवर कथील आणि कापड लादून थेट आजच्या तुर्कस्तानात जात. वाट हजारेक किलोमीटरची. तिथे कनेश नावाच्या गावात त्यांची वस्ती होती. विकायचं आणि चांदी-सोनं घेऊन यायचं. त्या वस्तीत वीस हजारांहून जास्त पाट्या सापडल्या. राजांच्या बढाया त्यांत जवळपास नाहीत. पावत्या, कर्जरोखे, तंटे आणि घरची पत्रं.

त्यातली लमस्सी ही माझी लाडकी. नवरा पूशु-केन कनेशला, ही अश्शूरमध्ये. घरातल्या बायका-मुलींना घेऊन कापड विणते आणि त्याच्याकडे पाठवते. वर नवऱ्याच्या तक्रारी, की वीण अशी नको तशी कर. आणि ही त्याला लिहिते (शब्द माझे): तू गेल्यापासून शलिम-अहुमने घर बांधलं देखील, आपलं कधी व्हायचं?

चार हजार वर्षांपूर्वीचं पत्र. आमच्या सोसायटीत रोज ऐकू येतं.

आणि याच अश्शूरचे पुढच्या काळातले कायदे बघा. लग्नाच्या बाईने आणि विधवेने रस्त्यात डोकं झाकायचंच, आणि दासीने किंवा वेश्येने झाकलं तर तिला शिक्षा. लमस्सीच्या नाती-पणत्यांचं कसं होणार होतं ते तिला कळलं असतं तर तिने त्यावरही एक पाटी खरडली असती.

शंकासुर

माझा आयडीच असा, तेव्हा विचारणं भाग आहे. असुर म्हणजे हे अश्शूरवालेच ना? वेदात त्यांचंच वर्णन आहे असं वाचलंय. आणि त्यांचं नवीन वर्षही चैत्रात. गुढीपाडवा!!

पाटीवाला

शंकासुरराव, वाटच पाहत होतो.

वेदातला 'असुर' आणि पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथातला 'अहुर' एकाच मुळाचे, म्हणजे शब्द आपल्या आणि इराण्यांच्या घरचा. जुन्या ऋचांत तो चांगल्या अर्थानेच येतो, वरुणालाही असुर म्हटलंय. अश्शूर हे एका गावाच्या देवाचं नाव. कानाला सारखं लागतं म्हणून नातं लावू नये. तसं केलं तर कोल्हापूर कोल्ह्यांनी वसवलं म्हणावं लागेल.

मात्र हा प्रश्न विचारणारे तुम्ही एकटे नाही. खुद्द टिळकांनी यावर लिहिलं आहे. भांडारकरांच्या गौरवग्रंथात (१९१७) त्यांचा खाल्डियन (म्हणजे इथे बॅबिलोनियन) आणि भारतीय वेदांवरचा इंग्रजी लेख आहे. अथर्ववेदात सापाच्या विषावरच्या मंत्रात 'तैमात', 'आलिगी', 'विलिगी', 'उरुगूला' असे काही शब्द येतात, जे संस्कृतात बसता बसत नाहीत. टिळकांनी तैमातचा संबंध बॅबिलोनियन तियामतशी लावला. तियामत म्हणजे मर्दुकने जिला मारून विश्व घडवलं ती समुद्ररूप माता. सगळं सगळ्यांना पटलेलं नाही, पण माणूस शब्दागणिक पुरावा देत होता, कानागणिक नाही.

पाडव्याचं: त्यांचा 'अकितु' उत्सव निसान महिन्यात, वसंतात. वसंतात वर्ष सुरू करायला कुणाकडून शिकावं लागत नाही.

शंकासुर

कोल्हापूर लागलं. हलके घेतले आहे. :)

गुळपोळी

एक बाळबोध शंका. हम्मुराबी आणि तो येरुशलेम जाळणारा नेबुकद्नेझर, दोघेही बॅबिलोनियन. एकाच घराण्यातले का?

पाटीवाला

अजिबात नाही, आणि ही शंका बाळबोध नाही, इथेच बहुतेकांची गाडी घसरते.

हम्मुराबी इ.स.पू. १७९२ ते १७५०. नेबुकद्नेझर (दुसरा) ६०५ ते ५६२. मध्ये जवळजवळ बाराशे वर्षं. म्हणजे राष्ट्रकूट अमोघवर्ष आणि आपण. हम्मुराबी अमोरी वंशाचा. त्याच्या घराण्याचा शेवट आजच्या तुर्कस्तानातल्या हित्तींच्या धाडीने झाला, मग कस्साइट नावाचे बाहेरचे लोक आले, त्यांनी शतकानुशतकं राज्य केलं. शेवटच्या टप्प्यात खाल्डियन, म्हणजे अगदी दक्षिणेकडच्या टोळ्या. बाबिलोनच्या गादीवर कोण कुठून येऊन बसेल याचा नेम नसे. आलेला मर्दुकचा हात धरून बॅबिलोनियन व्हायचा.

असीरियाचं उलट. राजांची एकच लांबलचक यादी, एकच देव, आणि राजा म्हणजे त्या देवाचा पुजारी. राज्याभिषेकात घोषणा व्हायची "अश्शूर राजा आहे!" गादीवरचा माणूस फक्त त्याचा कारभारी.

बाबिलोनमध्ये राजाचं काय होई ते ऐका. अकितुच्या वेळी राजा मर्दुकच्या देवळात जाई. पुरोहित त्याचा राजदंड, मुकुट सगळं काढून घेई आणि त्याच्या थोबाडीत मारी. कान धरून देवासमोर गुडघे टेकवी. राजाने म्हणायचं, मी पाप केलं नाही, बाबिलोनचं वाईट केलं नाही. मग वस्तू परत, आणि पुन्हा एक थप्पड. डोळ्यात पाणी आलं तर देव प्रसन्न. नाही आलं तर शत्रू येणार.

वर्षं मोजायची रीतही निराळी. असीरियात दर वर्षाला एका अधिकाऱ्याचं नाव. बूर-सगलेच्या वर्षी सूर्यग्रहण झालं अशी नोंद आहे. ते गणित करून इ.स.पू. ७६३ च्या १५ जूनला बसतं, आणि त्या खुंटीला असीरियाचा सगळा कालक्रम टांगलेला आहे. बाबिलोनमध्ये राजाच्या कारकिर्दीचं कितवं वर्ष ते लिहीत.

नदीकाठचा

थप्पड प्रथा आपल्याकडे चालू करता येईल का? उमेदवारी अर्जाबरोबर.

खडूस_काकू

राजकारण नको, धागा कुलूप लागेल.

मृण्मयी_दादर

थप्पड भयंकर आवडली आहे. मोठ्याने वाचून दाखवते आहे. आता प्रश्न आलाय: मग भांडण कोण जिंकलं?

पाटीवाला

याला थोडं बसून लिहावं लागेल. बसलो.

माझ्या मते हे दोन शत्रू देशांचं भांडण नव्हतंच. भाऊबंदकी होती. आणि त्यात असीरियाची अवस्था फार अवघडलेली. मनगट त्याच्याकडे, पण विद्या, पोथ्या, देवांच्या कथा सगळं दक्षिणेकडून आलेलं. ज्याच्या घरून संस्कार घेतले त्याच्यावरच राज्य करायचं. प्रत्येक असीरियन राजाने हे कोडं आपापल्या परीने सोडवून पाहिलं.

तुकुल्ती-निनुर्ताने तेराव्या शतकात बाबिलोन जिंकून मर्दुकची मूर्तीच उचलून नेली. पुढे त्याचा खून झाला, मुलाकडून. तिग्लथ-पिलेसर तिसरा शहाणा, त्याने इ.स.पू. ७२९ मध्ये स्वतःच बाबिलोनची गादी घेतली आणि अकितुत मर्दुकचा हात धरला. मग आला सन्हेरिब. त्याने मुलाला बाबिलोनचा राजा केलं. बाबिलोनवाल्यांनी त्या मुलाला धरून एलामच्या (पूर्वेला, आजच्या इराणातलं राज्य) हवाली केलं, तो पुन्हा दिसला नाही. बापाने ६८९ मध्ये शहर फोडलं, देवळं पाडली, कालवे खणून त्यावर पाणी सोडलं. तो स्वतःच लिहून ठेवतो हे.

पण पुढे काय केलं बघा. अश्शूर गावी त्याने अकितुचं घर बांधलं आणि बाबिलोनची माती आणून तिथे ठेवली. विश्वनिर्मितीच्या काव्यातून मर्दुकचं नाव काढून तिथे अश्शूर घातला. काव्य तेच ठेवलं! शहर बुडवता आलं, पण उत्सव आणि पोथी त्यांच्याशिवाय नवी सुचली नाही.

सन्हेरिबचाही मुलांकडून खून. त्यानंतर आलेला एसर्हद्दोन बाबिलोन पुन्हा बांधायला घेतो. अडचण अशी की मर्दुकने म्हणे ७० वर्षं ओसाडीची शिक्षा लिहून ठेवलेली. मग पंडितांनी वाट काढली. कीलाक्षरात ७० म्हणजे आधी एक उभी पाचर (६०) आणि मग एक तिरकी कोनाकार पाचर (१०). दोघींची जागा बदला: आधी तिरकी (१०), मग उभी, आणि ती आता १. झाले ११. देवाला दया आली, त्याने पाटी उलटी केली, असं राजाने शिलालेखात लिहून टाकलं. देवाचा शब्दही राहिला आणि बांधकामही सुरू.

एसर्हद्दोनने जाताना असीरिया एका मुलाला दिली, बाबिलोन दुसऱ्याला. अशुरबनिपाल आणि शमाश-शुम-उकिन. सख्ख्या भावांत ६५२ ते ६४८ युद्ध. बाबिलोन वेढ्यात उपासमारीने पडलं. आणि हाच अशुरबनिपाल निनवेत ग्रंथालय उभारतो, दक्षिणेतल्या पाट्या गोळा करतो, बोर्सिप्पाच्या माणसाला कळवतो की असीरियात नाहीत अशा पाट्या दिसल्या तर पाठव. गिलगमेशचं महाकाव्य आज आपल्याला मुख्यतः त्या ग्रंथालयामुळे वाचायला मिळतं.

शेवट: नबोपोलस्सर नावाच्या खाल्डियन माणसाने ६२६ मध्ये बाबिलोनची गादी घेतली. इराणकडच्या मीड लोकांनी ६१४ मध्ये अश्शूर पाडलं, आणि बाबिलोनच्याच बखरीत लिहिलंय की आपलं सैन्य पोचलं तेव्हा लढाई संपली होती. ६१२ मध्ये दोघांनी मिळून निनवे घेतलं. तेव्हा जिंकलं बाबिलोन. पण ५३९ मध्ये इराणचा राजा सायरस आला आणि तेही संपलं. शेवटचा राजा नबोनिदस, त्याची आई अदद-गुप्पी शंभरी ओलांडलेली म्हातारी. तिचं आयुष्य हर्रानच्या चंद्रदेवाशी बांधलेलं, आणि हर्रान म्हणजे असीरियाचा बालेकिल्ला. आपला जन्म अशुरबनिपालच्या काळातला असं ती शिलालेखात सांगते. म्हणजे बाबिलोनच्या शेवटच्या राजाची आई निम्मी असीरियन काळातली!

बाणकोटी

सगळं वाचलं. तरी मुद्दा राहतोच की असीरियन क्रूर होते. कातडी सोलणं वगैरे. बाबिलोनचे लोक खगोलशास्त्रवाले, सभ्य.

खडूस_काकू

आलाच.

पाटीवाला

बाणकोटी, हे असं का वाटतं ते बघा. असीरियन राजा आपल्या मोहिमा लिहून ठेवायचा आणि भिंतीवर कोरायचाही. अशुरनसिरपालने बंडखोरांची कातडी खांबाला गुंडाळली हे त्यानेच सांगितलंय, आलेल्या वकिलांना धाक बसावा म्हणून. आणि त्याच अभिमानाने निमरूदच्या जेवणावळीला ६९,५७४ माणसं जेवली हेही.

नेबुकद्नेझरच्या लेखांत मात्र जवळजवळ फक्त बांधकाम. त्याच्या विटांवर शिक्का असे: नेबुकद्नेझर, बाबिलोनचा राजा, एसागिला आणि एझिदा या देवळांचा पोशिंदा, नबोपोलस्सरचा थोरला मुलगा. अशा अगणित विटा, हिल्लाच्या लोकांनी त्या काढून घरं बांधली. पण याच माणसाने अश्कलोन शहराचा ढिगारा केला आणि ५८७-८६ मध्ये येरुशलेमचं मंदिर जाळलं. ते त्याने भिंतीवर कोरलं नाही, एवढंच. अश्कलोनचं बाबिलोनच्या बखरीतून कळतं, मंदिराचं मार खाल्लेल्यांच्या पोथीतून.

खरा फरक हवा तर हद्दपारीत आहे. असीरियन लोकांना उचलून चहूकडे विखरून टाकत आणि रिकाम्या गावात दुसरीकडचे आणून बसवत. बाबिलोनने यहुद्यांना नेलं, पण त्यांची वस्ती एकत्र राहू दिली. बॅबिलोनियात 'यहुदाचं गाव' अशा नावाची वस्तीच पाट्यांत सापडते. म्हणून ते परत जाऊ शकले, आणि असीरियनांनी नेलेले उत्तरेच्या इस्राएलचे लोक पांगून गेले.

उत्तरध्रुव

स्वीडनहून. उशिरा आलो. एक छोटी भर: सगळे "संपले" म्हणतायत, पण आमच्याकडे स्टॉकहोमजवळ सोदरतेल्येत असीरियन लोकांची मोठी वस्ती आहे. ख्रिस्ती, घरात अरामीतून निघालेली भाषा. त्यांचा 'आसीरिस्का' हा फुटबॉल क्लब २००५ मध्ये इथल्या सर्वोच्च लीगमध्ये खेळला होता. जगभरचे असीरियन १ एप्रिलला अकितु साजरा करतात. आमच्या शेजारच्या आजीबाई दरवर्षी त्या दिवशी गोड काहीतरी आणून देतात, मी पाडव्याला श्रीखंड देतो. (शंकासुर, यावरून निष्कर्ष काढू नये.)

आणि निनवेच्या त्या ग्रंथालयाचा मोठा भाग खणून काढणारा होर्मुझ्द रस्साम हा मोसुलचाच, तिथल्या जुन्या ख्रिस्ती समाजातला. लंडनवाले श्रेय दुसऱ्यांना देत बसले.

नदीकाठचा

मुंबईची एक गंमत राहिली. १८४० च्या दशकात निमरूदहून निघालेल्या पेट्या बसऱ्याहून आधी मुंबईत येत आणि मग लंडनला जात. एकदा इथे गोदीत त्या उघडल्या गेल्या, लोकांनी हवं तसं पाहून घेतलं, परत भरताना गोंधळ झाला आणि काही बारीकसारीक वस्तू गायब. उत्खनन करणारा लेयार्ड फार चिडला होता. तेव्हा मृण्मयीताई, मुंबईकरांनी असीरिया लंडनकरांच्या आधी पाहिली.

आणि तुमच्या मुलाला सांगा, निमरूदच्या बैलांचे पाय मोजायचे. समोरून दोन, बाजूने चार, कोपऱ्यातून पाहिलं तर पाच.

मृण्मयी_दादर

सगळ्यांचे आभार, आणि नदीकाठचे काका, आता मला अग्यारीच्या बैलांचे पाय मोजायला पुन्हा फोर्टात जावं लागणार आहे, रस्त्यावर वाकून.

चिरंजीवांच्या डोक्यात मात्र एकच गोष्ट राहिली. आज घटक चाचणीचा गणिताचा पेपर मिळाला. ११ गुण. पेपर माझ्या हातात देऊन म्हणाला, "आई, ओरडू नकोस. बाईंनी ७० च दिले होते, मर्दुकने पाटी उलटी केली."

खडूस_काकू

चाचणी कितीची होती?

मृण्मयी_दादर

२० ची.